कार्बोक्झिलिक आम्ले (शालेय उजळणी)

ज्या कार्बनी संयुगात सी-ओ-ओ-एच हा क्रियात्मक गट असतो, ते कार्बोक्झिलिक आम्ल. यात कार्बनला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने, तर हायड्रॉक्सिल (ओ-एच) एकेरी बंधाने जोडलेला असतो. दहावीला हा भाग ‘कार्बनी संयुगे’ या पाठात येतो. गट नेहमी अखंड वाचावा. त्यातला ओ-एच सुटा काढला की मुले या आम्लाला अल्कोहोल ठरवतात, नाहीतर थेट आम्लारी.

नाव देताना गटातला कार्बनही साखळीत धरायचा. मिथिलला (एका कार्बनच्या सी-एच-3 गटाला) हा गट जोडला की कार्बन दोन, म्हणून इथेन आणि त्यावरून इथेनॉइक आम्ल. गोंधळ बहुधा इथेच होतो. एका कार्बनचे मिथेनॉइक, तीनचे प्रोपेनॉइक, चारचे ब्युटेनॉइक.

विदर्भातल्या शाळेत प्रयोगाला व्हिनेगर (पाण्यातले विरल इथेनॉइक आम्ल) नसले तरी रब्बीत काम अडत नाही. हरभऱ्याच्या पानांवरची आंब मुख्यतः मॅलिक व ऑक्झॅलिक आम्लाची असते. स्वच्छ फडके रात्री पिकावर अंथरून पहाटे पिळले की ती मिळते. पाऊस झाला असेल तर मात्र धुऊन गेलेली असते. दोन्ही आम्लांत हा गट दोनदा येतो, आणि ऑक्झॅलिकमध्ये तर त्या दोन गटांपलीकडे काहीच नाही. आंबेने निळा लिटमस तांबडा होतो, चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की फसफसते. निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडल्यास ती दुधाळ होते. फार वेळ सोडल्यास पुन्हा नितळ. निवळी ताजी हवी, कारण उघडी राहिली की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच तिच्यावर साय धरते.

ही आम्ले सौम्य असतात: 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू (पीएच) 1, तेवढ्याच इथेनॉइकचा सुमारे 2.9. सौम्य म्हणजे विरल नव्हे. ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ पाणी नसलेले, इथेनॉइक आम्ल सौम्यच, तरी कातडी भाजते. ते सुमारे 17 अंश सेल्सिअसखाली गोठते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत बाटलीत बर्फासारखे दिसते. ते बिघडलेले नसते. झाकण सैल करून बाटली कोमट पाण्यात ठेवावी, ज्योतीवर कधीच नाही, कारण वाफ पेट घेते.

एस्टरसाठी (आम्ल व अल्कोहोल यांपासून बनणाऱ्या संयुगासाठी) 1 मिली इथेनॉल, 1 मिली ग्लेशियल इथेनॉइक आम्ल आणि संहत सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब परीक्षानळीत घेऊन ती गरम पाण्याच्या चंचुपात्रात निदान पाच मिनिटे ठेवावी. मग मिश्रण 20–30 मिली पाण्यात ओतून हाताने वारा घेत वास घ्यावा. उरलेले आम्ल पाण्यात विरघळते, म्हणूनच फळासारखा वास कळतो. थेट नळीतून घेतल्यास आम्लाचा उग्र वास त्याला झाकून टाकतो.