कोरियन उच्चारातील अनुनासिकीकरण आणि श्रोता

सोलमध्ये १८९७ साली उभ्या राहिलेल्या स्वातंत्र्य-कमानीचे नाव लिहितात 'दोक्-रिप्-मुन', पण म्हणतात 'दोङ्निम्मुन'. कोरियन भाषेत क्, त्, प् यांच्यापुढे न किंवा म आला की त्यांचे अनुक्रमे ङ्, न्, म् हे अनुनासिक (नाकातून उच्चारले जाणारे ध्वनी) होतात. इथे क् नंतरच्या र चा आधी न होतो आणि त्या न मुळे क् चा ङ्. हा अशुद्ध उच्चार नव्हे. १९८८ च्या प्रमाण उच्चाराच्या नियमांत तो सांगितलेला आहे. लेखनात मात्र तो दिसत नाही, कारण १९३३ च्या लेखननियमांनी शब्दाचे मूळ रूप राखायचे ठरवले.

आपल्याला हा नियम अगदी परका नाही. वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ. फरक असा की तत्सम शब्दांतला हा बदल आपण लिहितो आणि रोजच्या बोलण्यात तो करत नाही: 'नाक मुरडणे' यातला क तसाच राहतो. म्हणून 'दोङ्निम्मुन' ऐकणारा नवखा मराठी माणूस ङ् आणि म् च ऐकतो, आणि पाटीवरची अक्षरे त्याला जुळवता येत नाहीत.

मातृभाषक श्रोत्याला हा बदल बहुधा जाणवतही नाही. पुढचा न किंवा म कानावर पडताच आधीचा अनुनासिक मुळात स्पर्श (क्, त्, प् यांसारखा हवा अडवून उच्चारलेला ध्वनी) असू शकतो, हे तो गृहीत धरतो आणि ओळखीचा शब्द शोधून काढतो. तरी ध्वनीत नसलेली माहिती त्यालाही मिळत नाही. 'बाप्' म्हणजे भात, 'बाम्' म्हणजे चेस्टनट. 'फक्त' या अर्थाचा 'मान्' जोडला की दोन्हींचा उच्चार 'बाम्मान्'. फक्त भात खाल्ला की फक्त चेस्टनट, हे संदर्भावरूनच कळते. कोरियन येणे म्हणजे तीक्ष्ण कान असणे, ही समजूत इथे अपुरी पडते. खरे काम शब्दसंग्रह करतो.

उलट दिशेचा बदलही आहे. शब्दारंभीच्या न, म यांची अनुनासिकता अनेकदा इतकी क्षीण असते की 'हो' या अर्थाचा 'ने' परक्या कानाला 'दे' वाटतो. कोरियन श्रोता मात्र 'ने'च ऐकतो, कारण त्याच्या भाषेत शब्दारंभी द आणि न यांमध्ये गोंधळ होण्याइतका घोषयुक्त (स्वरतंतूंच्या कंपनासह उच्चारलेला) द नसतोच.

ही सवय परभाषेतही सोबत जाते: 'गुड मॉर्निंग' कोरियन तोंडी सहज 'गुन्मोनिङ्' होते.