डिजिटल छपाईतील रंगव्यवस्थापन

पडद्यावर दिसणारा रंग कागदावर शक्य तितका तसाच उतरावा, म्हणून कॅमेरा, मॉनिटर आणि छपाईयंत्र यांच्या रंगांचा मेळ घालण्याची पद्धत. 'शक्य तितका' हे शब्द ग्राहकाला आधीच ऐकवलेले बरे. मॉनिटर लाल, हिरवा व निळा प्रकाश मिसळतो (आरजीबी). यंत्र सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा यांचे थर कागदावर चढवते (सीएमवायके). शाईचा रंगपट, म्हणजे तिला दाखवता येणाऱ्या रंगांचा पल्ला, पडद्यापेक्षा बहुतेक ठिकाणी तोकडा असतो. त्यामुळे मॉनिटरवर लखलखणारा भगवा चार रंगांत छापला की बसका दिसतो, आणि बोलणी बिचाऱ्या ऑपरेटरला बसतात. काही डिजिटल यंत्रांत नारिंगी, हिरवा, जांभळा असे जादा रंग भरता येतात, ते याचसाठी.

सायन ०, मॅजेंटा ६०, पिवळा १०० हे टक्क्यांतले आकडे स्वयंपाकातल्या प्रमाणासारखे असतात. तेच प्रमाण आर्ट पेपरवर टवटवीत नारिंगी देते, साध्या बाँड कागदावर मळकट. कोणत्या यंत्रावर, कोणत्या कागदावर कोणत्या आकड्यांतून नेमका कोणता रंग निघतो, हे प्रोफाइल नावाची फाइल सांगते. प्रोफाइलचा सामायिक साचा ठरवण्यासाठी १९९३ मध्ये ॲडोबी, ॲपल, कोडॅक आदी कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रंग संघ (आयसीसी) स्थापन केला. प्रोफाइलमधली भाषांतरे १९७६ च्या 'सीआयई लॅब' (सीआयई ही प्रकाश व रंगमापनाची आंतरराष्ट्रीय संस्था) या पद्धतीसारख्या, यंत्रावर अवलंबून नसलेल्या रंगमापनातून होतात.

सर्वाधिक घोटाळा काळ्या आणि निळ्यात होतो. फोटोशॉपमध्ये बरीच वर्षे रुळलेल्या अमेरिकी 'स्वॉप' या छपाई-मानकाच्या प्रोफाइलने आरजीबीतला शुद्ध काळा (०, ०, ०) बदलला, की तो सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९० होतो. मोठ्या पट्ट्याला असा काळा शोभतो. पण आठ पॉइंटचा बारीक मजकूर चार रंगांत गेला आणि एखादा रंग केसभर सरकला, की अक्षरांना रंगीत कडा सुटतात. म्हणून मजकूर नुसत्या १०० टक्के काळ्यात ठेवावा. निळ्याची गत वेगळी. आरजीबीतला शुद्ध निळा (०, ०, २५५) त्याच प्रोफाइलने सायन ८८, मॅजेंटा ७७ होतो आणि छापल्यावर जांभळट दिसतो. मॅजेंटा सायनपेक्षा बराच खाली, निदान तीसेक टक्क्यांनी कमी ठेवला, तर निळा निळा राहतो.

डिझायनरने करायचे काम त्या मानाने थोडके. मॉनिटर मोजणी-यंत्राने कॅलिब्रेट करायचा, म्हणजे त्याचे रंग मोजून प्रमाणाशी जुळवायचे, आणि त्याचा उजेड उतरवायचा. पूर्ण उजेडात ठेवलेल्या पडद्याशी ताडले तर प्रत्येक प्रिंट काळवंडलेलीच वाटते. प्रेसकडून त्या कागदाची प्रोफाइल मागून घेऊन सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील रंगाचा पडद्यावरचा अंदाज, पाहायचे, आणि फाइलला प्रोफाइल जोडूनच पाठवायची. छायाचित्रे घाईने सीएमवायके करू नयेत. एकदा गेलेला रंग परत आरजीबी करून मिळत नाही.

तरीही खऱ्या कागदावरच्या एका चाचणी-प्रतीची सर कशालाच नाही. ती ५००० केल्विनच्या प्रमाणित उजेडात पाहावी. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात फटकून वागू शकतात. टोनरवर (पावडरीच्या शाईवर) चालणाऱ्या यंत्राला हवेतला दमटपणाही भोवतो, म्हणून पावसाळ्यात कॅलिब्रेशन अधिक वेळा करावे लागते. कामावर मॅट लॅमिनेशन चढणार असेल, तर चाचणी-प्रतही लॅमिनेट करूनच मंजूर करावी. त्या थराखाली गडद रंग फिके पडतात.