फर्म एक झाल्या की भागीदार वाढले? जुन्या देण्याचा हिशेब इथेच बदलतो

खानदेशात कापसाचा हंगाम जवळ आला की दोन घरं एकत्र धंदा करायचं ठरवतात. एक जिनिंगवाले, दुसरे खेडा खरेदीवाले. पैसा एकाकडे, ओळखी दुसऱ्याकडे. माझ्यासमोर बसून म्हणतात, "भाऊ, दोन्ही फर्म मर्ज केल्या, फक्त डीड (भागीदारीचं करारपत्र) करून द्या." त्यावर माझा पहिला प्रश्न असतो: जुनी फर्म चालू ठेवून समोरच्यांना भागीदार करून घेताय, की दोन्ही बंद करून तिसरी काढताय? बहुतेकांना यात फरक आहे हेच ठाऊक नसतं. देणं कुणाच्या डोक्यावर राहणार, हे मात्र याच उत्तरावर ठरतं.

१९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यात फर्मच्या विलीनीकरणाची तरतूदच नाही. कंपन्यांसाठी २०१३ च्या कायद्यात ती आहे, एलएलपीसाठी, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीसाठी, २००८ च्या कायद्यात आहे. तिथे न्यायाधिकरणाच्या आदेशाने मालमत्ता आणि देणी नव्या संस्थेकडे जातात. साधी भागीदारी फर्म मात्र भागीदारांहून वेगळी कायदेशीर व्यक्तीच नसते, ते फक्त त्यांचं एकत्रित नाव. म्हणून एक फर्म दुसऱ्या फर्मची भागीदार होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली दुलीचंद लक्ष्मीनारायण प्रकरणात हेच सांगितलं. एकत्र यायचं तर माणसांनी यायचं.

समजा, चोपड्याच्या जिनिंगमध्ये तीन भागीदार आहेत आणि कापूस दिलेल्या शेतकऱ्यांचे चाळीस लाख द्यायचे बाकी आहेत. धरणगावचे दोघे भाऊ त्यात आले. सगळ्या जुन्या भागीदारांची संमती असली की भागीदारी कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ते भागीदार झाले. फर्म तीच, पॅन तोच, जीएसटी नंबर तोच. पोर्टलवर नावांची दुरुस्ती तेवढी करायची. त्या चाळीस लाखांची जबाबदारी या दोघांवर येत नाही, कारण ते येण्याआधीचा तो व्यवहार. आल्याच्या दिवसापासून मात्र फर्मच्या प्रत्येक व्यवहाराला प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेसाठी बांधला जातो (कलम २५). डीडमध्ये हिस्सा दहा टक्के लिहिलाय म्हणून पैसे मागणारा दहा टक्क्यांवर थांबत नाही. आणि धरणगावला त्यांच्या जुन्या फर्मचं जे देणं होतं, ते त्यांच्याबरोबर चोपड्याला येत नाही. त्यांच्याच अंगावर राहतं.

आता दुसरी वाट. दोन्ही फर्म विसर्जित, नवी फर्म उभी. नवा पॅन, नवी जीएसटी नोंदणी, बाजार समितीचा परवाना नव्या नावाने. जीएसटीतलं जुनं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) हवं तर देण्यांसह धंदा सोपवल्याचा करार लागतो आणि आयटीसी-०२ हा फॉर्म भरावा लागतो. जुन्या फर्मचा आयकरातला तोटा नवी फर्म सहसा वापरू शकत नाही, हे आधी सीएला विचारा. चाळीस लाख जुन्या तिघांवरच राहतात. "नवी फर्म सगळी देणी घेईल" असं डीडमध्ये लिहिलं, तरी तो तुमचा आपसातला करार. शेतकऱ्याने स्वतः मान्यता दिल्याशिवाय जुना भागीदार त्याच्यापुढे मोकळा होत नाही. येणी वसूल करायची तर ती नव्या फर्मला लेखी हस्तांतरित करून देणेकऱ्याला कळवावं लागतं, नाहीतर तो जुन्यांच्या हातात पैसे देऊन मोकळा होतो.

माझ्या मते सर्वात जास्त नुकसान होतं ते तिसऱ्याच गोष्टीत. कोर्टात दावा लावायचा असेल तर फर्म नोंदलेली हवी आणि दावा लावणाऱ्या भागीदारांची नावं फर्म्सच्या रजिस्टरमध्ये हवीत (कलम ६९). नवे भागीदार दाव्याच्या दिवशी रजिस्टरवर नव्हते, म्हणून दावा टिकला नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली श्रीराम फायनान्स प्रकरणात दिला. माझ्याकडे आलेल्या एका डाळमिलवाल्या आप्पांच्या हातात नोंदणीचा उतारा होता: तीन नावं, खाली गोल शिक्का, आणि दोन वर्षांपूर्वी आलेल्या दोघांचं नावच नाही. पैसा खरा होता, बिलं खरी होती, सही खरी होती. सहा लाखांच्या येण्यासाठी वकील जे सांगत होते ते ऐकताना त्यांनी उतारा इतका घट्ट धरला होता की कागदाला घडी पडली. मला आजही ते बघितल्याचं वाईट वाटतं, कारण डीड झालं त्या महिन्यातच बदल नोंदवण्याचा अर्ज दिला असता तर हे टळलं असतं.

बँकेच्या हमीचंही असंच. फर्मच्या रचनेत बदल झाला की चालू हमी (एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांना लागू असलेली), वेगळं ठरलं नसेल तर, पुढच्या व्यवहारांपुरती संपते (कलम ३८). बँका बहुधा आधीच वेगळं लिहून घेतात, म्हणून आपल्या हमीपत्रातला तो परिच्छेद सही करण्याआधी वाचा.

फर्म बंद केली किंवा कोणी निवृत्त झाला, तर जाहीर सूचना द्या: फर्म्सच्या निबंधकाला, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात. ती नसेल तर जुन्या नावावर कोणी माल उचलला तरी बाहेरच्यांपुढे तुम्ही बांधलेले. निवृत्ताने जीएसटीलाही एका महिन्यात कळवावं. आणि जुनं बिलबुक, जुना शिक्का, दुकानावरची पाटी त्याच दिवशी काढून ठेवा. मुनीम सवयीने तेच बिलबुक उघडतो.