तासाला ३० मिलिलिटर

घोणस चावलेला किंवा पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) झालेला रुग्ण दाखल होतो, तेव्हा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात त्या टाकाऊ द्रव्याचा, पहिला रिपोर्ट पुष्कळदा फार वाईट नसतो. त्यावर विसंबू नये. मूत्रपिंडं मंदावल्यावर रक्तात क्रिएटिनिन साचून आकडा चढायला एक-दोन दिवस जातात. लघवी त्याआधीच कमी होऊ लागते. म्हणून सिस्टर दर तासाला मोजमाप लिहितात. लघवी किमान हवी वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलिलिटर. सलग ६ तास त्याहून कमी भरली, तर मूत्रपिंडाला इजा झाली असं धरून डॉक्टरांना कळवायचं. लेप्टो इथे चकवतो: त्यात लघवी ठीक राहून क्रिएटिनिन वाढू शकतं, म्हणून रक्ततपासणी टळत नाही.

लघवी एकदम शून्यावर आली, तर आधी लघवीची नळी (कॅथेटर) बघावी. मांडीखाली दबलेली असते, नळीचा चिमटा (क्लॅम्प) उघडायचा राहिलेला असतो, नाहीतर रक्ताची गुठळी अडकलेली असते. अशा वेळी ओटीपोट तट्ट लागतं. पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. आणि कॅथेटरची गरज अजून आहे का, हे रोज विचारायचं. नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

शरीरात गेलेल्या पाण्याचा हिशेब जास्त चुकतो. सलाईन लिहिलं जातं, पण १०० मिलिलिटरच्या बाटलीतून दिवसातून तीनदा गेलेलं अँटिबायोटिक राहून जातं, नातेवाइकांनी पाजलेला चहाही. पडताळ्याला वजनकाटा आहे: रोज सकाळी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत. रात्रीत किलोभर वाढ म्हणजे अंगात साधारण लिटरभर पाणी साचलं. चार्ट आणि काटा जुळले नाहीत, तर काट्याचं ऐकावं.

आणि ते शहाळं! आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमानं आणतो. एका शहाळ्यात ५०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असू शकतं. लघवी अडलेल्या रुग्णाला ते बाहेर टाकता येत नाही. रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे ६.५ मिलिमोलच्या वर गेलं किंवा ईसीजी बदलला, की हृदय थांबण्याची भीती. (दंड घट्ट आवळून, मूठ उघडझाप करवून घेतलेल्या नमुन्यातही आकडा खोटा वाढतो.) पोटॅशियम खरंच इतकं वाढलं, तर डॉक्टरांच्या आदेशानं देतात ते कॅल्शियम ग्लुकोनेट हृदयाला सांभाळतं, पोटॅशियम उतरवत नाही. पोटॅशियम पेशींत ढकलण्यासाठी साधारण १० युनिट इन्सुलिन आणि २५ ग्रॅम ग्लुकोज. मूत्रपिंडं बिघडलेली असली की इन्सुलिन शरीरात रेंगाळतं, म्हणून तासा-दोन तासांनीही साखर कोसळते. पुढचे ६ तास दर तासाला बोटातून रक्त घेऊन साखर तपासावी.

मूत्रपिंडं सुधारू लागली की कधीकधी दिवसाला ३-४ लिटर लघवी होते. नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो, पण हिशेब आता उलटतो: पाणी आणि पोटॅशियम दोन्ही वाहून जातात. केसपेपरवरची ‘पाणी कमी’ ही जुनी सूचना बदलायची राहिली, तर नुकती सावरलेली मूत्रपिंडं पाण्यावाचून पुन्हा बिघडतात.