वर्गाला लावलेली कादंबरी आणि लायब्ररीतली कादंबरी: वाद एकच नाहीये

टीनएजर मुलांच्या कादंबरीत आत्महत्या, बलात्कार, व्यसन, घरातली मारहाण असलं काही आलं की शाळेत वाद ठरलेला. पालक म्हणतात काढून टाका, शिक्षक म्हणतात मुलांना हे कळायला नको का, आणि बऱ्याचदा दोघं वेगवेगळ्याच गोष्टींवरून भांडत असतात. एकाच्या डोक्यात असतं सगळ्या वर्गाला लावलेलं पुस्तक, दुसऱ्याच्या डोक्यात लायब्ररीच्या कपाटातलं. पुस्तक तेच असेल हो, पण वाचणाऱ्या पोरासाठी फरक खूप पडतो.

कपाटातलं पुस्तक मूल स्वतःहून उचलतं, ४० पानं वाचून नको वाटलं तर परत ठेवतं, कोणाला कारण सांगत बसावं लागत नाही. वर्गाला लावलेलं पुस्तक असं मिटता येत नाही, त्यावर परीक्षा असते, उभं राहून मोठ्याने वाचायचं असतं, आणि त्यात मॅडम अगदी सहज विचारून जातात, "तिच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?" आता वर्गात एखादी खरंच तिच्या जागी असू शकते ना, आणि तिने चारचौघांत मार्कांसाठी उत्तर द्यायचं.

लॉरी हॅल्स अँडरसन यांची १९९९ ची 'स्पीक' घ्या. अमेरिकेत ती बऱ्याच शाळांत शिकवतात आणि तिच्यावर आक्षेपही भरपूर घेतले गेलेत. त्यातल्या मेलिंडावर पार्टीत बलात्कार होतो, ती पोलिसांना फोन करते, खरं कारण माहीत नसल्यामुळे सगळी शाळा तिच्यावर उखडते आणि ती जवळजवळ बोलायचीच बंद होते. अशा मुलीची गोष्ट आपण तोंडी प्रश्नोत्तरं घेऊन शिकवणार, कमालच आहे! त्यापेक्षा लेखिकेने नेमकं काय घडलं ते इतक्या उशिरा का उघड केलं हे विचारा की, लिहून घ्या, त्यात कोणाला स्वतःचं काही सांगावं लागत नाही.

हा फरक कोर्टातही निघालेला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एका स्कूल बोर्डाने शाळेच्या लायब्ररीतून काही पुस्तकं काढली, ते पिको प्रकरण १९८२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं. न्यायमूर्तींचं एका मतावर बहुमत झालं नाही, पण मुख्य मतात म्हटलं होतं की नुसते विचार पटत नाहीत म्हणून लायब्ररीतून पुस्तक काढता येणार नाही, तिथलं वाचन मुलांच्या मर्जीचं असतं, आणि अभ्यासक्रमात काय लावायचं हा प्रश्न या खटल्यात नाही.

पण म्हणून कपाट नेहमीच सेफ असंही नाही हां. आत्महत्येवरची कादंबरी मूल रात्री एकटं वाचतं तेव्हा बोलायला शेजारी कोणी नसतं, आणि आत्महत्येबद्दल लिहिताना पद्धतीचे तपशील देऊ नका, मदत कुठे मिळेल ते सांगा असं जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना सांगते तसं बंधन कादंबरीवर नसतं. अशी काही पुस्तकं मला वर्गातच बरी वाटतात, फक्त शिक्षकाने आधी स्वतः पूर्ण वाचलेली हवीत आणि समुपदेशकाला कल्पना दिलेली हवी. (आधी न वाचता शिकवायला घेणारे असतात, हे सगळ्यांना माहितीये.)

'ज्याला नको त्याने दुसरं पुस्तक घ्या' हा उपाय ऐकायला बरा वाटतो. प्रत्यक्षात ते एकच पोरगं तासाला उठून बाहेर जातं आणि सगळ्या वर्गाला कळतं कोण गेलं ते. चार-पाच पुस्तकं देऊन सगळ्यांनाच त्यातून निवडायला लावलं, गट पाडून वाचायला दिलं, तर कोणी वेगळं पडत नाही. शिक्षकाचं काम वाढतं, ते खरंय.

आणि शाळेकडे तक्रार आली की आधी एवढंच विचारा, पुस्तक सक्तीचं होतं का मुलाने स्वतः आणलेलं? सक्तीचं असेल तर दुसरा पर्याय मागायचा पालकांना हक्क असायलाच हवा. स्वतः आणलेलं असेल तर आपल्या पोराला नको म्हणा, बाकीच्यांच्या कपाटातून काढायला लावू नका.