कट पॉइंट आणि एंड पॉइंट: शेड्युलिंग मॉडेलमध्ये कुठला आकडा कुठे भरायचा

रिफायनरीतल्या क्रूड युनिटचं, म्हणजे कच्च्या तेलाचे (क्रूडचे) उकळण्याच्या तापमानानुसार भाग पाडणाऱ्या युनिटचं, मॉडेल शेड्युलिंग सॉफ्टवेअरमध्ये बसवताना नाफ्था, केरोसीन, डिझेल अशा प्रत्येक कटची (भागाची) वरची तापमानमर्यादा भरावी लागते. कंट्रोल रूमला विचारलं तर ते लॅबच्या रिपोर्टमधला डी८६ (एएसटीएमची साधी ऊर्ध्वपातन चाचणी) एंड पॉइंट सांगतात. सॉफ्टवेअरला मात्र हवा असतो टीबीपी (ट्रू बॉइलिंग पॉइंट, म्हणजे खरा उकळबिंदू) कट पॉइंट. दोन्ही आकडे अंश सेल्सिअसमध्ये, दोन्ही उकळण्याशी संबंधित आणि बऱ्याचदा एकमेकांच्या जवळपासचे. म्हणूनच एकाच्या जागी दुसरा बसला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

आधी एंड पॉइंट. डी८६ चाचणीत १०० मिलिलिटर नमुना फ्लास्कमध्ये घेऊन मिनिटाला ४ ते ५ मिलिलिटर या वेगाने उकळवतात. मध्ये पॅकिंग नाही, वरून रिफ्लक्स (वाफ थंड करून परत खाली सोडलेलं द्रव) नाही, त्यामुळे हलकं आणि जड नीट वेगळं होतच नाही. जड रेणूंबरोबर हलकेही वर येत राहतात आणि थर्मामीटर त्या मिश्र वाफेचं तापमान दाखवतो. चाचणीतलं सर्वांत वरचं वाचन म्हणजे एंड पॉइंट. हा एका तयार प्रवाहाचा गुण आहे. त्या प्रवाहाचं उत्पादन किती झालं, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

कट पॉइंट राहतो क्रूडच्या टीबीपी वक्रावर, म्हणजे कुठल्या तापमानापर्यंत क्रूडचा किती टक्के भाग उकळून निघतो ते दाखवणाऱ्या रेषेवर. डी२८९२ या एएसटीएमच्याच पद्धतीत १५ सैद्धांतिक प्लेट्सचा कॉलम आणि ५:१ रिफ्लक्स वापरून क्रूडचे बारीक तुकडे पाडतात. पुढे निर्वात दाबाखाली जाऊन वातावरणीय दाबाच्या हिशेबात ४०० अंशांपर्यंत पोचतात. काम संथ आणि खर्चिक असल्यामुळे ते क्रूडचा अ‍ॅसे (सविस्तर लॅब-तपासणी) करताना होतं, रोजच्या सॅम्पलवर नाही. युनिटमधला कुठलाही थर्मामीटर कट पॉइंट दाखवत नाही. तो काढावा लागतो: गॅसपासून नाफ्थापर्यंतचं सगळं उत्पादन बेरजेला घ्यायचं आणि क्रूडच्या वक्रावर तेवढी टक्केवारी ज्या तापमानाला येते, तो नाफ्था आणि केरोसीनमधला कट पॉइंट.

यातूनच या दोघांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा फरक निघतो. एंड पॉइंट एका प्रवाहाचा असतो, कट पॉइंट दोन प्रवाहांमधली हद्द असते. ही हद्द वर सरकवली की नाफ्था वाढतो आणि जड होतो. त्याच वेळी केरोसीन घटतं आणि त्याचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकेल असं सर्वांत कमी तापमान) वर जातो. केरोसीन आणि डिझेलमधली हद्द वर नेली तर केरोसीनपासून बनणाऱ्या विमान इंधनाचा, जेट ए-१ चा, फ्रीझिंग पॉइंट उणे ४७ अंशांच्या मर्यादेकडे सरकू लागतो. नुसता एंड पॉइंट भरून हे दुहेरी परिणाम मॉडेलमध्ये येत नाहीत.

सॉफ्टवेअर टीबीपीवरच का अडून बसतं? कारण टीबीपीचं उत्पादन मिश्रणात थेट बेरजेने जातं. टाकीत एक क्रूड ६० टक्के आणि दुसरं ४० टक्के असेल, तर प्रत्येक तापमानपट्टीतलं उत्पादन त्याच प्रमाणात जोडलं की मिश्रणाचा वक्र तयार होतो. डी८६ च्या वक्रांची अशी बेरीज होत नाही. आणि शेड्युलमध्ये फीडचं मिश्रण टाकीगणिक बदलतं, त्यामुळे ही सोय सोडून चालत नाही.

मग दोन आकड्यांमध्ये ठरावीक फरक धरून भागेल का? नाही, कारण इथे दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. एकाच प्रवाहासाठी डी८६ चा एंड पॉइंट टीबीपीच्या टोकापेक्षा खाली येतो, कारण चाचणीतलं विभाजन ढिलं असतं. पण कॉलममधलं विभाजनही अर्धवटच असतं. नाफ्थामध्ये थोडं केरोसीन शिरतं आणि त्याचं खरं टीबीपी टोक कट पॉइंटच्या वर जातं. कुठला परिणाम भारी पडेल हे ट्रे, रिफ्लक्स आणि कॉलमवरच्या भारावर ठरतं. दुसऱ्या रिफायनरीतून उचललेला फरक तुमच्या कॉलमला लागू पडेल असं मानू नका.

चूक किती महागात पडते ते पाहू. समजा दिवसाला १२,००० घनमीटर क्रूड चालतंय आणि त्या भागात वक्राचा चढ अंशाला क्रूडच्या ०.२ टक्के आहे. कट पॉइंट १५ अंशांनी चुकला तर नाफ्था क्रूडच्या ३ टक्क्यांनी, म्हणजे दिवसाला ३६० घनमीटरने चुकतो. दहा दिवसांच्या शेड्युलमध्ये ३,६०० घनमीटर. कागदावर नाफ्थाची टाकी भरते, प्रत्यक्षात ती रिकामी राहते आणि केरोसीनला जागा पुरत नाही.

म्हणून मांडणी अशी करावी. कट पॉइंट हा इनपुट, प्रत्येक ऑपरेशन मोडसाठी वेगळा: जास्तीत जास्त जेटचा एक संच, जास्तीत जास्त डिझेलचा दुसरा. डी८६ हा मॉडेलने काढलेला गुण, आणि त्याच्यावर तुमच्या कॉलमची दुरुस्ती. मर्यादा तपासायच्या त्या या दुरुस्त आकड्यावर: जेट ए-१ साठी एंड पॉइंट कमाल ३०० अंश, युरोपीय डिझेल मानक ईएन ५९० नुसार ९५ टक्के भाग कमाल ३६० अंशांपर्यंत उकळून निघायला हवा. डिझेलच्या बाबतीत मी तर एंड पॉइंटऐवजी ९५ टक्क्यांचाच आकडा वापरावा असं म्हणेन. चाचणीच्या शेवटच्या थेंबांतलं वाचन फार डळमळीत असतं.

दुरुस्ती काढण्यासाठी युनिट स्थिर असलेला, एकाच फीड टाकीवरचा काळ निवडा. टाक्यांच्या गेजवरून उत्पादन मोजा, फ्लोमीटरशी ताळा घाला, प्रत्यक्ष कट पॉइंट काढा आणि त्याच वेळच्या सॅम्पलच्या डी८६ शी लावून पाहा. क्रूड बदलाचे तास यातून पूर्ण वगळा, कारण त्या वेळी कॉलममध्ये नेमकं कुठलं मिश्रण आहे हे सांगता येत नाही.

क्रूड बदलल्यावर ऑपरेटर एंड पॉइंट राखतो, त्यामुळे प्रत्यक्ष कट पॉइंट थोडा सरकतो. मॉडेल मात्र कट पॉइंट धरून बसलेलं असतं. हलकं क्रूड जाऊन जड क्रूड येत असेल तर त्या मोडचा कट पॉइंट आधीच तपासून घ्यावा, सॉफ्टवेअर तो आपोआप हलवेल अशी अपेक्षा ठेवू नये.

व्हॅक्यूम युनिटला (क्रूड युनिटच्या तळाचा जड भाग निर्वातात उकळणाऱ्या युनिटला) हा गोंधळ फारसा होत नाही. एवढे जड प्रवाह वातावरणीय दाबाला उकळण्याआधीच तुटतात, त्यामुळे डी८६ तिथे चालतच नाही. तिथे काळजी एवढीच घ्यायची की लॅबने दिलेलं तापमान वातावरणीय दाबाच्या हिशेबात बदललेलं आहे की निर्वातातलं प्रत्यक्ष वाचन आहे.