शाळेचे शेवटचे पाच आठवडे: प्राथमिक वर्गांतल्या मुलांच्या पालकांसाठी

वर्ष संपत आलं की एरवी समजूतदार असलेलं मूल किरकिरं होतं. सकाळी पोट दुखतं, वही शाळेतच राहते, धाकट्याशी भांडणं वाढतात. ‘सुट्टीचे वेध लागलेत’ असं म्हणून आपण ते सोडून देतो, पण हे अर्धंच खरं. या दिवसांत शाळेचं वेळापत्रक विस्कटलेलं असतं. चाचण्या, कार्यक्रमाच्या तालमी, मधेच ऑफ तास, भिंतीवरून उतरलेले तक्ते. लहान मुलाचा दिवस ठरलेल्या क्रमावर उभा असतो आणि नेमका तोच क्रम मोडतो. म्हणून पालकांना आमचं एकच आग्रहाचं सांगणं असतं: शाळा सैल झाली की घर सैल सोडू नका.

झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी साडेसहाला उठायचं असेल तर रात्री नऊला दिवा बंद झालेला हवा. जागरणाची सवय लागली असेल तर एकदम तासभर आधी झोपवायला जाऊ नका. झोप आलेलीच नसते, मग मूल चार वेळा पाणी मागतं आणि शेवटी दोघंही चिडतात. झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा.

सकाळची पोटदुखी. शाळेच्या दिवशी दुखतं, सुट्टीच्या दिवशी नाही, खेळायला गेलं की विसरतं, असं असेल तर ती बहुधा काळजीची पोटदुखी असते. ती खोटी नसते. पोट खरंच दुखतं. पण घरी ठेवलं की लगेच बरं वाटतं, आणि उद्या ते पुन्हा दुखण्याची सोय होते. त्यापेक्षा आज शाळेत काय काय आहे, कुठला भाग नकोसा वाटतोय, हे विचारून घ्या आणि पाठवा. ताप, उलट्या, घटणारं वजन किंवा झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मात्र काळजीवर न ढकलता डॉक्टरांना दाखवा.

उजळणी. दिवसाला १५ ते २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. त्याहून जास्त वेळ बसवलं तर मूल समोर असतं, लक्ष नसतं. पूर्ण पुस्तक पुन्हा वाचून घेण्याचा प्रकार फार चालतो आणि फार वाया जातो. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असं वाटतं. पुस्तक मिटून विचारा. आज विचारलेलंच तीन दिवसांनी विचारा, मग आठवड्याने.

गणितात नवी गणितं घालण्याआधी जुन्या चुका बघा. ५२ − ३८ चं उत्तर मुलाने २६ लिहिलं, तर ती घाईतली चूक नाही. एककात २ मधून ८ जात नाहीत, म्हणून त्याने ८ मधून २ काढले. दशकात ५ मधून ३. म्हणजे लहान आकडा मोठ्यातून वजा करायचा, असा स्वतःचा नियमच त्याने बनवला आहे. अशी आणखी वीस गणितं दिलीत तर तो नियम वीसदा पक्का होईल. काड्या घ्या: दहा-दहाचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या. ‘यातून ८ सुट्या दे’ म्हणा आणि गप्प बसा. गठ्ठा सोडावा लागेल हे त्याच्या हाताला कळू द्या. आता ४ गठ्ठे, १२ सुट्या. ८ दिल्या, ४ उरल्या; ३ गठ्ठे दिले, १ उरला. १४. काड्यांनी तीन-चार गणितं झाली की मगच वही. उलट १३ किंवा १५ असं उत्तर आलं असेल तर रीत बरोबर आहे, फक्त मोजणी चुकली. तिथे काड्यांची गरज नाही.

सुट्टीतही हेच थोडंथोडं चालू ठेवा. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा लांब सुट्टीत आकडेमोड आणि स्पेलिंग सर्वांत जास्त मागे पडलेलं दिसलं. वाचन घरात येता-जाता होतं, वजाबाकी कुणी सहज करत नाही.

निरोप. शेवटच्या दिवसाची उलटी मोजणी करायची तर कागदी कड्यांची साखळी पुरे, रोज एक कडी फाडायची. दहा कड्यांहून लांब करू नका; सहा-सात वर्षांच्या मुलाला चाळीस दिवस म्हणजे कधीच नाही. पुढच्या वर्षी बाई बदलणार, तुकडी बदलू शकते, हे आधीच सांगा. ‘तुझी मैत्रीण तुझ्याच वर्गात असेल’ असं वचन मात्र देऊ नका, ते तुमच्या हातात नाही.

नव्या वर्गशिक्षकांसाठी एक पान पुरे: मूल कशाने बिथरतं, कशाने शांत होतं, काय छान जमतं, चष्मा किंवा औषध असल्यास ते. दोन पानं लिहिलीत तर कामाचं वाक्य दुसऱ्या पानावर राहून जाईल.

प्रगतिपुस्तक आधी तुम्ही एकटे वाचा. तुमच्या चेहऱ्यावरची पहिली प्रतिक्रिया मुलाच्या लक्षात राहते, शेरे नाही. मग त्याच्याबरोबर वाचताना वर्षाच्या सुरुवातीचं आणि शेवटचं लेखनाचं पान शेजारी ठेवा. अक्षरातला, वाक्याच्या लांबीतला फरक त्यालाच शोधू द्या. उरलेल्या कागदांतून दहा ठेवायचे, निवड त्याची. बाकीचे त्याच दिवशी, त्याच्यासमोर टाकू नका.

आणि दप्तर शेवटच्या संध्याकाळीच पूर्ण उलटं करा. तळाशी विसरलेला डबा असतो, आणि शाळा पुन्हा कधी सुरू होणार ती चुरगळलेली सूचनाही बहुतेक तिथेच सापडते.